स्नोमोबिलचा वाकलेला ए-आर्म नाशिकला आणलाय, जाड पाइपचा करून घेऊ का?

प्रेषक: मिनेसोटाचा सभासद, मुक्काम गंगापूर रोड, नाशिक

मंडळी, नमस्कार.

भाचीच्या लग्नाला आलोय आणि बॅगेत आहेराच्या साड्यांखाली स्नोमोबिलचा, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीचा, डावा खालचा ए-आर्म (पुढची स्की सांगाड्याला जोडणारा ए आकाराचा दांडा) घेऊन आलोय. जानेवारीत डुलुथच्या वर ट्रेलच्या कडेने चाललो होतो. ताज्या बर्फाखाली तोडलेल्या झाडाचा खुंट होता, तो दिसलाच नाही. वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास असेल. डावी स्की खुंटावर धडकली आणि मी हँडलवर आपटलो. बरगड्या दोन आठवडे ठणकत होत्या, पण मोडलं काही नाही.

गाडीचा आर्म मात्र पार वाकलाय, टाय रॉडही (स्टिअरिंगचा दांडा) वाकलाय. आर्म ज्या कानांत बोल्टने बसतो, तिथे बल्कहेडच्या, म्हणजे पुढच्या सांगाड्याच्या, ॲल्युमिनियमला बोटाच्या पेराएवढी चीर दिसते.

सातपूर एमआयडीसीत शाळेतल्या मित्राचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. हा आर्म सॅम्पल म्हणून देऊन दोन्ही बाजूंचे आर्म दुप्पट जाडीच्या पाइपचे, कोपऱ्यांत गसेट (त्रिकोणी आधारपट्ट्या) मारून करून घ्यावेत आणि तिकडे परतल्यावर चीर टिग वेल्डिंगने भरावी, असा विचार आहे. कुणी केलंय का असं?

प्रेषक: काका, पंचवटी

चिरंजीव, मित्राला अजून पाइप कापायला सांगू नका.

मी ओझरला एचएएलमध्ये विमानांच्या सांगाड्याच्या रिव्हेटिंगवर होतो, आणि मुलाकडे राहत असताना त्याची स्नोमोबिल दोनदा उघडली आहे. तुमच्या गाडीचा पुढचा सांगाडाही विमानासारखाच आहे: ॲल्युमिनियमचे भाग, रिव्हेटने जोडलेले.

आधी धडकेचा हिशेब बघा. गाडी, तुम्ही आणि पेट्रोल मिळून 310 किलो धरू. ताशी 40 ला त्यात सुमारे 19 किलोज्यूल ऊर्जा असते, म्हणजे तेवढं वजन सव्वासहा मीटरवरून खाली सोडल्यासारखं. दुमजली घराची गच्चीच म्हणा. ताशी 80 ला हीच ऊर्जा चौपट होते. खुंटाने गाडी थांबवली की ती कुठेतरी जिरायलाच हवी. थोडी शॉक ॲब्सॉर्बरमध्ये जाते, थोडी गाडी घसरण्यात आणि उचलण्यात, आणि बरीचशी आर्म वाकवण्यात. तुमचा आर्म वाकला, म्हणूनच बल्कहेड चिरेवर सुटलं.

पिंपळगावला माझ्या मेव्हण्यांची द्राक्षबाग आहे. त्यांच्या ट्रॅक्टरच्या पीटीओ शाफ्टला (अवजार फिरवणाऱ्या दांड्याला) शिअर बोल्ट असतो. रोटाव्हेटर दगडाला अडला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. एका हंगामात बोल्ट सारखा तुटतोय म्हणून त्यांनी हाय टेन्साइल बोल्ट घातला. पुढच्या दगडाला बोल्ट टिकला, गिअरबॉक्सचे दात गेले. छाटणीच्या दिवसांत ट्रॅक्टर आठवडाभर उभा होता. तुमचा ए-आर्म हा तो शिअर बोल्ट आहे. मूळ मापाचाच आर्म घाला. हवं तर एक जादा घरात ठेवा, चार बोल्ट काढले की बदलता येतो.

आता चीर. ती वेल्डिंगने भरू नका, हे कळकळीने सांगतो. हे ॲल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेलं असतं. उदाहरणार्थ 6061-टी6 जातीचं असेल, तर वेल्डिंगच्या शेजारच्या पट्ट्यात त्याची ताकद जवळपास निम्मी होते. टाका टिकतो आणि बाजूचा पत्रा फाटतो. पुन्हा भट्टीत घालून प्रक्रिया करता येते, पण रिव्हेट केलेला अख्खा सांगाडा कोण भट्टीत घालणार?

चीर मुख्य कानातच असेल तर तो भाग नवाच घ्या. कानाच्या अलीकडे पत्र्यात असेल तर चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग वरून त्याच जातीच्या पत्र्याची ठिगळपट्टी लावून रिव्हेट करा. आमच्याकडे शिस्त अशी होती, की पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या मध्यापर्यंत निदान व्यासाच्या दुप्पट अंतर आणि दोन रिव्हेटमध्ये निदान तिप्पट. रिव्हेट स्ट्रक्चरल हवेत, डब्याला लावायचे साधे पॉप रिव्हेट चालणार नाहीत. स्टीलची पट्टी लावणार असाल तर मध्ये प्रायमरचा थर हवाच. तुमची गाडी ट्रेलरवर मिठाच्या रस्त्याने जाते, तिथे स्टीलला लागलेलं ॲल्युमिनियम दोन हिवाळ्यांत पांढरं पडून भुसभुशीत होतं.

उद्या सकाळी आर्म घेऊन घरीच या. डोळ्यांनी बघून सांगतो.

प्रेषक: ऑन्टारिओची ताई

काकांचं म्हणणं आम्ही पैसे मोजून शिकलोय. ह्यांनी क्रोममोली स्टीलचे जाड आर्म बसवले होते. पुढच्याच हिवाळ्यात खडकाला स्की लागली. आर्मला ओरखडासुद्धा नाही, पण बल्कहेडचे दोन्ही कान उपटून आले आणि मागचा टनेल (पट्ट्यावरचा सांगाडा) सुरकुतला. गाडी भंगारात गेली. ह्यांच्या मनगटाला प्लेट बसली, ते मला जास्त लागलं.

मजबुती करायची तर बल्कहेडची कर. आमच्या नव्या गाडीला खालच्या डाव्या-उजव्या माउंटिंगला जोडणारा आडवा ब्रेस आहे. एका बाजूला धक्का बसला की तो दोन्ही बाजूंत वाटला जातो. पोटाखाली जाड प्लॅस्टिकची स्किड प्लेट लाव, खुंटावरून गाडी अडकण्याऐवजी घसरते. आणि भाऊ, फक्त आर्म बघून थांबू नकोस. स्पिंडल (स्की ज्यावर बसते तो खांब), बॉल जॉइंट, शॉकचा दांडा, स्टिअरिंगचा खांब सगळं तपास. वाकलेले बोल्ट सरळ करून वापरू नकोस.

प्रेषक: मिनेसोटाचा सभासद, नाशिक

काका, ताई, मनापासून आभार.

काल काकांकडे गेलो. त्यांनी आर्म जमिनीवर ठेवला, दोन्ही बुशांतून (बोल्ट जातो त्या नळ्यांतून) सळई घालून पाहिली. सळई दुसऱ्या बुशात शिरलीच नाही. म्हणजे आर्म नुसता वाकला नाही, पिळलाही गेलाय, आणि तो पीळ कानांवर आला असणार. मग मला म्हणाले, "चीर दिसते तेवढीच आहे असं समजू नकोस. रंग खरवडून बघ." रात्री तिकडच्या शेजाऱ्यांना फोन केला. त्यांनी गराजमध्ये जाऊन रंग काढला. चीर कानात गेलेली आहे, आणि खालच्या ओळीतले तीन रिव्हेट बोटाने हलतात.

टनेलच्या मधल्या बोल्टापासून दोन्ही बाजूंच्या आर्मच्या कानांपर्यंत त्यांनी टेपने माप घेतलं. उजवीकडून डावीकडे 11 मिलिमीटरचा फरक आहे, डावी बाजू मागे सरकली आहे. नुसते आर्म बदलून मी गाडी चालवली असती तर ती कायम डावीकडे ओढत राहिली असती, आणि मी स्कीचं अलाइनमेंट करत बसलो असतो.

सातपूरच्या मित्राला आर्मचं काम नको म्हणून सांगितलं. तो जरा हिरमुसला, पण ऐकून घेतलं. त्याच्याकडून आता एकच गोष्ट करून घेतोय: आडव्या ब्रेससाठी ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, काकांनी सांगितलेल्या अंतरांची भोकं खुणावून. भोकं तिकडे गाडीवर ठेवूनच पाडणार. बल्कहेडचा नवा भाग डीलरकडे नोंदवलाय.

काका, एक राहिलं. जुने रिव्हेट ड्रिलने काढताना भोक मोठं होण्याची भीती वाटते.

प्रेषक: काका, पंचवटी

डोक्याच्या मध्यावर सेंटर पंच मारा, रिव्हेटच्या दांड्यापेक्षा किंचित बारीक ड्रिल घ्या आणि फक्त डोकं सुटेपर्यंतच चालवा. उरलेला दांडा पंचने मागे ठोका. तरीही एखादं भोक मोठं झालंच, तर तिथे पुढच्या मापाचा रिव्हेट घ्या, मात्र कडेचं अंतर पुन्हा मोजा. घाई करू नका. जाण्यापूर्वी एकदा जेवायला या, जुना पत्रा आणि ड्रिल मशीन काढून ठेवतो, दहा-बारा रिव्हेट इथेच काढून बघा.