मदत हवी आहे: छोट्या व्यवसायाचं पिच प्रेझेंटेशन सुधारायचंय

चाकंहत्ते

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून ऑफिसातल्या खुर्च्या दुरुस्त करतो. गादी, कापड, गॅस लिफ्ट (खुर्ची वर-खाली करणारा दांडा), चाकं, जे गेलं असेल ते बदलायचं आणि खुर्ची परत वापरात आणायची. आजवर कामं ओळखीतून मिळत गेली. आता मोठ्या ऑफिसांकडे वार्षिक कंत्राटासाठी जायला लागलोय, तर तिथे पहिली मागणी प्रेझेंटेशनची असते.

प्रेझेंटेशन आहे. पॉवरपॉइंटच्या तयार टेम्प्लेटवर केलंय, २२ स्लाइड्स. क्रम असा: आमच्याबद्दल, आमचं ध्येय, आमची टीम, आमच्या सेवा (या चार स्लाइड्स), कामाची पद्धत, फोटो, ग्राहकांचे अभिप्राय, दरपत्रक, धन्यवाद. लोक शांतपणे बघतात, 'पीडीएफ पाठवून ठेवा' म्हणतात आणि विषय तिथेच थांबतो.

एकजण सांगतो मजकूर कमी करा. कमी केला, तर पीडीएफ वाचणाऱ्याला काही कळत नाही. दुसरा म्हणतो सविस्तर लिहा. मग मीटिंगमध्ये लोक स्लाइड वाचत बसतात, माझं कोणी ऐकत नाही. करायचं काय? डिझायनरला द्यावं का? शिवाय समोरच्यांच्या लॅपटॉपवर मराठी फॉन्ट बदलतो आणि ओळी चौकटीबाहेर जातात. आणि ओळखीतले एक गृहस्थ व्यवसायात पैसे घालायला तयार आहेत, त्यांनाही हेच दाखवलं तर चालेल का?

सरळरेघ

स्टार्टअपवर लिहिणाऱ्या गाय कावासाकीचा १०-२०-३० नियम ऐकला असेल: १० स्लाइड्स, २० मिनिटं आणि ३० पॉइंटपेक्षा लहान अक्षर नाही. तो मुळात गुंतवणूकदारांसमोरच्या पिचसाठी सांगितलेला आहे, त्यामुळे दहाचा आकडा तुम्ही शब्दशः पाळायची गरज नाही. ३० पॉइंटचं बंधन मात्र पाळून बघाच. एवढ्या मोठ्या अक्षरात स्लाइडवर फार काही मावत नाही, आणि काय काढायचं ते आपोआप ठरवावं लागतं.

डिझायनरला एवढ्यात देऊ नका. हाच क्रम तो सुंदर करून देईल आणि अडचण आहे तिथेच राहील.

टेबलापलीकडे

मी बरीच वर्षं एका कंपनीच्या परचेसमध्ये, म्हणजे खरेदी विभागात आहे, म्हणजे तुमची प्रेझेंटेशनं बघणारा तो शांत माणूस मीच. तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

'पीडीएफ पाठवून ठेवा' हा दर वेळी नकार नसतो. समोर बसलेल्या माणसाला बहुतेकदा एकट्याने निर्णय घेता येत नाही. त्याला ती फाइल वर पाठवायची असते, आणि वरच्या माणसाने तुम्हाला ऐकलेलं नसतं. म्हणून मजकूर कमी की जास्त हा वाद एकाच फाइलमध्ये मिटणार नाही. दोन फाइली करा. दाखवायच्या फाइलमध्ये एका स्लाइडवर एक वाक्य आणि एक फोटो किंवा एक आकडा, बाकीचं तुम्ही बोला. पाठवायची फाइल चार-पाच पानांची, तुम्ही नसताना वाचली तरी समजेल अशी.

दुसरं म्हणजे, तुमच्या पहिल्या तीन स्लाइड्स तुमच्याबद्दल आहेत आणि चौथीपासून सेवा. माझी अडचण त्यात आलीच नाही. माझ्या डोक्यात काय असतं सांगतो. खुर्ची दुरुस्तीला गेली की माणूस कशावर बसणार? पुन्हा बिघडली तर कोण बघणार? जागेवर दुरुस्त होईल की उचलून न्याल? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, नवीन का घेऊ नये? तुमचा खरा प्रतिस्पर्धी दुसरा दुरुस्तीवाला नाही. नवी खुर्ची आहे, आणि त्याहून जास्त आमचा आळस आहे. मोडक्या खुर्च्या स्टोअरमध्ये ढकलून आम्ही गप्प बसतो. 'नवी घेणं, दुरुस्त करणं, काहीच न करणं' या तिन्हींचा तीन वर्षांचा खर्च एका स्लाइडवर शेजारी शेजारी मांडा. वर पाठवायला मला तीच स्लाइड लागते.

मात्रावेलांटी

फॉन्टचं उत्तर सोपं आहे. पाठवताना पीडीएफच पाठवा. पॉवरपॉइंटच न्यावं लागलं तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे जाऊन फॉन्ट फाइलमध्येच एम्बेड करण्याची (सोबत साठवण्याची) खूण करा. फॉन्ट युनिकोडच हवा, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या सामायिक अक्षर-संकेतांचा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या मशीनवर निव्वळ कचरा दिसतो. 'मुक्ता' (Mukta) किंवा 'नोटो सान्स देवनागरी' हा फॉन्ट घ्या, दोन्ही फुकट आहेत.

आता टेम्प्लेटबद्दल. बहुतेक टेम्प्लेटं रोमन अक्षरं समोर ठेवून केलेली असतात, त्यात देवनागरी ओतली की घुसमटते. वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून ओळींमधलं अंतर वाढवा. अक्षरांमधलं अंतर अजिबात वाढवू नका, शिरोरेघ तुटते. तिरपी अक्षरंही नकोत, ठसवायचं असेल तर ठळक करा. आणि हे प्रत्येक स्लाइडवर हाताने करत बसू नका, स्लाइड मास्टरमध्ये (सगळ्या स्लाइड्सचा मूळ साचा) एकदाच बदला. (हे कोणीच करत नाही, का ते देव जाणे.)

चाकंहत्ते

@टेबलापलीकडे, स्टोअरचं वाचून हसलो, पण अगदी खरं आहे.

नवा क्रम मांडतोय. मथळे विषयाऐवजी पूर्ण वाक्यांत लिहिलेत:

'खुर्ची मोडते तेव्हा सांगाडा बहुतेकदा धड असतो.'
'बदलायचे असतात ते चार-पाच भाग.'
'नवी, दुरुस्त, की तशीच? तीन वर्षांचा खर्च.'
'आम्ही जागेवर दुरुस्त करतो. न्यावी लागली तर बदली खुर्ची देतो.'
'पुन्हा बिघडली तर जबाबदारी आमची.'
आधी-नंतरचे फोटो.
'सुरुवात दहा खुर्च्यांपासून करू.'

टीम आणि अभिप्राय पाठवायच्या फाइलमध्ये टाकतो. खर्चाच्या स्लाइडवर लाल-हिरवे स्तंभ केलेत, चालतील का?

सरळरेघ

मथळे एकदम जमलेत. नुसते मथळे वाचले तरी सगळं म्हणणं कळतं.

लाल-हिरवा टाळा, काहींना त्यातला फरक दिसत नाही. तिन्ही स्तंभांपैकी फक्त दुरुस्तीचा रंगीत ठेवा, बाकी दोन राखाडी. आकडे स्तंभावरच लिहा. आणि अक्ष शून्यापासूनच सुरू करा. फरक मोठा दिसावा म्हणून मधूनच सुरू केलेला स्तंभ हिशेबातल्या माणसाला लगेच कळतो, मग तो बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. फिक्या पार्श्वभूमीवर फिकी अक्षरं नकोत. वेबसाइट सगळ्यांना वाचता याव्यात म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक) मागितलाय, तो इथेही धरा. प्रोजेक्टरवर रंग आणखी फिके पडतात.

फोटो आधी-नंतर एकाच कोनातून, एकाच उजेडात घ्या. आणि क्रॉप केलेल्या फोटोचा कापलेला भाग पॉवरपॉइंट फाइलमध्ये शिल्लक राहतो. दुसऱ्या ग्राहकाच्या ऑफिसातलं काही त्यात असेल तर कॉम्प्रेस पिक्चर्समध्ये जाऊन तो कायमचा काढा.

टेबलापलीकडे

'दहा खुर्च्यांपासून' हे फार चांगलं, एवढं आमच्यातला कोणीही वर न विचारता मंजूर करू शकतो. तीच स्लाइड शेवटची ठेवा, 'धन्यवाद' काढून टाका. प्रश्नोत्तरं चालू असताना पडद्यावर शेवटची स्लाइडच बराच वेळ दिसत राहते.

पैसे घालणाऱ्यांसाठी मात्र वेगळं प्रेझेंटेशन करा. त्यांना गॅस लिफ्टशी घेणंदेणं नाही. एका खुर्चीमागे उरतं किती, जुने ग्राहक परत येतात का, तुम्ही तिघांपैकी एक सोडून गेला तर काम चालेल का, आणि त्यांचे पैसे नेमके कुठे लागणार, हे ते विचारतील.

चाकंहत्ते

तिघांपैकी एक सोडून गेला तर, यावर आम्ही आपसात कधी बोललोच नाही. आधी ते बोलून घेतो, मग स्लाइड. तोवर खर्चाची स्लाइड इथे टाकतो, @टेबलापलीकडे, तीन वर्षांचा हिशेब परचेसच्या नजरेने तपासाल का?