बोलेरोतला टू मीटर सेट: घरी एसडब्ल्यूआर १.३, रस्त्यावर ३ च्या वर. केबल की अँटेना?

बोलेरोवाला_चोपडा
राम राम मंडळी. हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स हातात येऊन चार महिने झाले, पहिलाच टू मीटर (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) रेडिओ सेट गाडीत बसवला आणि आता डोकं चालत नाही म्हणून विचारू राहिलो. गाडी जुनी बोलेरो, मागच्या बाजूला छताच्या पन्हळीला एल ब्रॅकेट, त्यावर क्वार्टर वेव्ह (पाव लहरीच्या लांबीची) अँटेना, तिथून आरजी-५८ केबल (मधे तार, भोवती जाळी) मागच्या दरवाज्याच्या फटीतून आत आणि सीटखालून पुढे सेटपर्यंत. केबल तयार दहा मीटरची मिळाली होती, उरलेली गुंडाळी करून सीटखाली टाकली आहे.

घरी अंगणात एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती उलटी येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.३ येतो, अमळनेरचा मित्र म्हणतो आवाज एकदम साफ. पण शेतात जायला निघालो की तोच मित्र म्हणतो तुटतंय, खरखर येते, मलाही त्याचा आवाज मधेच खोल गेल्यासारखा येतो. परवा मुलाला शेजारी बसवून मीटर बघायला सांगितलं तर ३ च्या वर काटा. थांबलो, मागचं दार उघडून अँटेना हलवली, केबल हलवली, तर पुन्हा १.३! दोन्ही पीएल-२५९ कनेक्टर नवे लावून झाले, अँटेनाची काडीपण बदलली. पैसे गेले, फरक शून्य. आता सेटच खराब आहे का?

धुळेकर_४३
भाऊ, आधी व्होल्टेज बघून घ्या, पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर सेटच्या मागच्या वायरवर मल्टीमीटर लावून. इंजिन चालू असताना १३.८ च्या आसपास राहायला हवं, १२ च्या खाली जात असेल तर फ्यूज होल्डर किंवा बॅटरीचं टर्मिनल सैल आहे. माझ्या गाडीत तेच होतं, मी पण महिनाभर अँटेनाच्या मागे लागलो होतो.

तापीकाठचा_काका
धुळेकर भाऊंचं व्होल्टेजचं खरं आहे, पण इथे समोरच्याचा आवाजपण खोल जातो आणि मीटरही चढतो, म्हणजे दोष सेटच्या पुढे, केबलीत नाहीतर अँटेनाच्या बुडाशी असायची शक्यता जास्त. सेट बदलायचा विचार आत्ता करू नका. आणि बाळा, एसडब्ल्यूआर ३ असताना फुल पॉवरवर बोलत राहू नको, चौथा हिस्सा पॉवर उलटी येते, सेटचे फायनल (पॉवर बाहेर टाकणारे) ट्रान्झिस्टर गरम होतात. जे तपासायचं ते लो पॉवरवर, आणि त्या वेळी अँटेनाला कोणाचा हात लागू द्यायचा नाही.

एकेक वस्तू बदलत बसायचं नाही, एकेक भाग वेगळा काढून बघायचं. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) असेल तर तो आधी छोट्या केबलने मीटरला लाव. १.१ आला तर सेट आणि मीटर ठीक. मग तोच डमी लोड मोठ्या केबलच्या दुसऱ्या टोकाला, ब्रॅकेटजवळ, अँटेना काढून लाव. तिथेही १.१-१.२ आला तर केबलपण ठीक, दोष अँटेना किंवा ब्रॅकेटात.

डमी लोड नसेल तर मल्टीमीटर. केबल दोन्हीकडून मोकळी कर. मधली तार ते मधली तार बीप, जाळी ते जाळी बीप, मधली ते जाळी काहीच नाही. केबल दोन्हीकडून मोकळी करायची हे महत्त्वाचं, कारण काही अँटेनांच्या बुडात कॉइल असते आणि मीटरला ती सरळ शॉर्ट दिसते, माणूस उगाच चांगली अँटेना फेकून देतो.

ब्रॅकेटचा अर्थ (गाडीच्या पत्र्याशी जोड) तपासतानाही केबल सेटपासून काढूनच. सेटची बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हला असते, त्यामुळे केबल लावलेली असली की जाळीतून वळसा घालून मीटर बीप देतोच आणि आपल्याला वाटतं ब्रॅकेट गाडीच्या पत्र्याला लागलंय. क्वार्टर वेव्हला खाली पत्रा हवा, अँटेनाचा अर्धा भाग तोच आहे.

आता एक सांग. घरी १.३ बघतोस तेव्हा मागचं दार उघडं असतं का बंद?

बोलेरोवाला_चोपडा
काका, उघडं. मीटर मागच्या सीटवर ठेवतो ना, मागून उभं राहून काटा दिसावा म्हणून.

तापीकाठचा_काका
मग मीटर सेटपाशी पुढे ने, सगळी दारं लाव, आत बसून लो पॉवरवर बघ. नंतर कोणालातरी मागचं दार हळूहळू उघडायला सांग आणि काट्यावर नजर ठेव.

आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याला हात लावता येत नाही, केबलीतलं पांढरं प्लास्टिक त्या उन्हात मऊ पडतं. दाराच्या कडेला केबल काटकोनात दाबली गेली असेल तर मधली तार सरकत सरकत जाळीकडे जाते. वरचं काळं कव्हर शाबूत दिसतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि ती गुंडाळी कापून टाक. आरजी-५८ मध्ये १४५ मेगाहर्ट्झला शंभर मीटरला साधारण २० डीबी जातात, म्हणजे तुझ्या दहा मीटरमध्ये २ डीबी, एक तृतीयांशाहून जास्त पॉवर केबल तापवण्यात गेली. वर लांब केबल मीटरला फसवते. तीस मीटर आरजी-५८ घे, दुसरं टोक मोकळं सोड, तरी मीटर १.७ च्या आसपास दाखवेल, कारण उलटी येणारी पॉवर वाटेतच जिरते.

बोलेरोवाला_चोपडा
काका, सापडलं!! दार बंद, ४ च्या वर. पोराने दार चार बोटं उघडलं तर काटा धपकन १.३ वर. पुन्हा लावलं, पुन्हा वर. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा तेच. तीन आठवडे मी दार उघडं ठेवून दार बंद असतानाचा दोष शोधत होतो.

केबल तिथून कापून ब्लेडने सोलली. बाहेरून नुसता दबलेला चपटा पट्टा दिसत होता, चीर नाही काही नाही. आत जाळी काळी-हिरवट पडलेली, म्हणजे पावसाचं पाणीपण वरच्या कनेक्टरमधून जाळीने खाली आलं होतं, आणि मधली तार पांढऱ्या प्लास्टिकच्या पार एका कडेला, नखाने दाबली की जाळीला टेकते. मल्टीमीटर लावून नखाने दाबलं की बीप, सोडलं की बंद.

आता नवी चार मीटर टाकतो. दार सोडून कुठून आत घेऊ?

धुळेकर_४३
मागच्या लाईटच्या वायरिंगला जिथे रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या भोकात बसवलेलं रबर) असतं त्यातून वाट मिळते का बघा. नाही मिळाली तर दाराच्या बिजागरीच्या बाजूने घ्या, कडी लागते त्या बाजूने नको, दाब तिकडे जास्त बसतो. आणि अर्थ बघितला का? माझ्या ब्रॅकेटला पावडर कोटिंग होतं, स्क्रू घट्ट होते पण रंगावरच टेकलेले.

बोलेरोवाला_चोपडा
हो भाऊ, आज बघितला, केबल काढून. बीप नाहीच! स्क्रूच्या टोकाखालचा रंग पॉलिश पेपरने घासला, मग ०.३ ओहम. म्हणजे दोन दोष होते, एकाखाली एक लपलेला.

तापीकाठचा_काका
शाब्बास. घासलेल्या जागी ग्रीस लाव नाहीतर पहिल्या पावसात गंज धरेल. अर्थ बदलला की अँटेनाचा जमही (ट्यूनिंग) थोडा हलतो, म्हणून १४४, १४५ आणि १४६ मेगाहर्ट्झ तिन्हीकडे एसडब्ल्यूआर बघ. १४४ ला सगळ्यात कमी आला तर काडी लांब आहे, दोन-दोन मिलिमीटरने कमी कर. १४६ ला कमी आला तर काडी आखूड, वर ओढ. पाऊण वार वगैरे अंदाज नको, १४५ साठी ४९ सेंटीमीटरपासून सुरुवात कर.

वरच्या कनेक्टरवर सेल्फ फ्युजिंग टेप खालून वर ताणत गुंडाळ, म्हणजे थरांवरून पाणी घसरतं. दुकानातला व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन तिथे लावू नको, त्याच्या आम्लाने तांबं खराब होतं. आणि केबल आत शिरण्याआधी खाली एक झोळ सोड, थेंब तिथून जमिनीवर पडू दे.

बोलेरोवाला_चोपडा
ग्रोमेटमधून वाट मिळाली. काडी ४९ वरून सहा मिलिमीटर कमी करावी लागली. सगळी दारं बंद, १४५ ला १.२, दोन्ही टोकांना १.४. काल संध्याकाळी शेताच्या खडबडीत रस्त्याने जाऊन आलो, मुलगा पूर्ण वेळ मीटर धरून बसला होता, काटा हलला नाही. अमळनेरचा मित्र तापीच्या पुलापर्यंत सलग ऐकत होता. काका, धुळेकर भाऊ, मनापासून आभार. कापलेला तुकडा ठेवलाय, कोणाला बघायचा असेल तर चोपड्याला या, चहा आहेच.