जुगार, सट्टा, मटका : फरक काय?

अक्षरवेडा : बातम्यांत ‘मटका अड्ड्यावर छापा’, ‘क्रिकेटवर सट्टा’, ‘जुगार खेळताना पकडले’ असं येतं. तिन्ही एकच ना?

बाराखडी : नाही. जुगार या शब्दात सगळेच प्रकार येतात. सट्टा म्हणजे भाव, पाऊस, सामना अशा आपल्या हातात नसलेल्या गोष्टींवर पैसे लावणं. मटका हा त्यातला आकड्यांचा प्रकार. न्यूयॉर्कहून मुंबईला येणाऱ्या कापसाच्या उघडत्या-मिटत्या भावांवर आधी पैसे लागत, त्यातूनच ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ आले. भाव येणं थांबल्यावर मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. पुढे पत्ते आले तरी नाव मटकाच राहिलं. तीन पत्ते निघाले ३, ६, ८, तर तीन आकड्यांचा ‘पाना’ ३६८. बेरीज १७, तिचा शेवटचा आकडा धरतात, म्हणून ओपन ७. नंतरचे २, ४, ९ म्हणजे १५, क्लोज ५. जोडी ७५. एका आकड्याला सहसा ९ पट मिळतात, पण लागण्याची शक्यता दहात एक. आकडे घेणाऱ्याची कमाई याच फरकात.

सावळागोंधळ : आणि ‘नाल’?

कलमदान : जागेच्या मालकाने डावातून काढून घेतलेला हिस्सा. पत्त्यांच्या खटल्यात हाच शब्द कळीचा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे : अड्डा चालवणाऱ्याला कलम ४, तिथे सापडलेल्याला ५, रस्त्यावर खेळणाऱ्याला १२. पण पत्त्यांचं घर ‘अड्डा’ ठरायला मालकाचा फायदा दाखवावा लागतो, आणि पंचनाम्यात ‘नाल’चा उल्लेख राहून गेला की खटला लंगडा होतो. कापसाच्या भावावर किंवा पावसावर सट्टा असेल तर फायद्याची अट नाही, त्यासाठी जागा वापरली एवढंच पुरतं.

अक्षरवेडा : बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात. त्या दिवशी सूट?

कलमदान : सणाची सूट कायद्यात नाही. गंमत लॉटरीची आहे. इस्लाममध्ये मैसिर, म्हणजे जुगार, निषिद्ध, आणि उलेमा (धर्मपंडित) सहसा लॉटरीही त्यातच धरतात. १८८७ च्या कायद्याने मात्र ‘जुगार’च्या व्याख्येतून लॉटरी स्पष्टपणे वगळली आहे.

सावळागोंधळ : रमी?

कलमदान : १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुख्यतः कौशल्याची ठरवली, आणि १८८७ च्या कायद्याचं कलम १३ कौशल्याचे खेळ वगळतं. ऑनलाइन रमीला हा आधार उरलेला नाही. २०२५ च्या केंद्रीय कायद्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा प्रश्नच येत नाही. जिंकायच्या आशेने पैसे भरले की तो ‘ऑनलाइन मनी गेम’, म्हणजे बंदी असलेला पैशांचा खेळ.