घरचं माणूस गेल्यावर परत दर्यात कसे गेलात?

दर्यावर पोट असलेल्यांनी लिहा, जसं आठवेल तसं. सुरुवात मी करतो.

बाबा गेले तेव्हा मी 22 चा. आम्ही अर्नाळा किल्ल्यातले, विरारसमोरचं बेट, चहूकडे पाणी. रात्री त्यांच्या छातीत कळ आली आणि नेमकी सुकती, होडी चिखलात टेकलेली. चौघांनी खाटेसकट उचलून पाण्यापर्यंत नेलं, पलीकडे रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. भरती असती तर, भरती असती तर, किती महिने हेच घोकत होतो.

पुढे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी. लोक म्हणाले बरं झालं, तेवढाच आराम. कसला आराम, जाळी शिवायला बसलो की बाबांची गाठ लगेच ओळखू यायची, ते डावरे होते, पीळच उलटा. नारळी पौर्णिमेनंतर काकाबरोबर निघालो, जीपीएस लावला तर त्यात बाबांनी टाकलेले पॉइंट. जाळं बांधायच्या एका खुंटाला आईचं नाव, एकाला माझं, आणि एक खडक आहे जिथे जाळं हमखास फाटतं, त्याला 'सासूबाई'. काका इतका हसला की इंजिन बंद करावं लागलं. आजीला अजून सांगितलेलं नाही.

---

हर्णैचा आहे. भाऊ फयान वादळात गेला, 11 नोव्हेंबर 2009. बोट नाही, माणूस नाही. तुम्ही निदान अग्नी तरी दिलात. दाखला मागायला गेलो तर 7 वर्षं पत्ता लागला नाही तरच मयत धरतात म्हणाले. तोवर वहिनीने कुंकू लावायचं की नाही यावर गावभर मतं, तिला कोणी विचारलं नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून विधी केले. मी परत दर्यात गेलोच नाही, बर्फाच्या कारखान्यात लागलो.

---

आमच्याकडे पप्पा गेल्यावर भावाने बोट विकून टाकली. मी बाजारात बसते, दुसऱ्याच्या बोटीचे बोंबील विकायला लागले, त्या रागात दोन वर्षं त्याच्याशी बोलले नाही. गेल्या महिन्यात तो नव्या मालकाकडून बोटीच्या नावाची फळी मागून घेऊन आला. दारात टेकवून ठेवलीय, खिळा अजून कोणी मारला नाही.

आणि अर्नाळावाल्या भावा, तो सासूबाई पॉइंट डिलीट केलास का रे?

---

वेडा आहे का ताई, तिथे जाळं अजून फाटतं.