मदत हवी आहे : एसएमई आयपीओआधी बाबांनी कंपनीला दिलेल्या कर्जाचं काय करावं?

नमस्कार मंडळी. गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. मासळीच्या शीतगृहांचं तापमान नोंदवणारी उपकरणं बनवतो. मागणी मालवण-रत्नागिरीपर्यंत पोचलीय, पण भांडवल तोकडं पडतं. एका व्हेंचर फंडाने फारच मोठा हिस्सा मागितला, म्हणून आयपीओ आणून, म्हणजे लोकांना शेअर्स विकून, बीएसई एसएमई किंवा एनएसई इमर्ज या छोट्या-मध्यम कंपन्यांसाठीच्या शेअर बाजारांकडे वळायचं मनात आहे.

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२५ मध्ये अशा आयपीओंचे नियम कडक केले. मागच्या ३ पैकी २ वर्षांत किमान १ कोटीचा परिचालन नफा हवा, तो आमचा आहे. खरी अडचण वेगळीच. बाबांनी सुरुवातीला कंपनीला कर्ज दिलंय, तेही प्रवर्तक (कंपनी उभी करणारे मालक) आहेत, आणि प्रवर्तकांचं कर्ज आयपीओच्या पैशातून फेडता येत नाही. (नियम योग्यच आहे, गुंतवणूकदारांचा पैसा धंद्यातच जायला हवा.) मग त्या कर्जाचे शेअर्स करावेत का? पण आयपीओआधीच्या वर्षभरात इश्यूच्या (आयपीओच्या) किमतीपेक्षा स्वस्तात घेतलेले शेअर्स प्रवर्तकांनी सक्तीने ठेवायच्या २० टक्के हिश्शात धरत नाहीत. म्हणजे हे रूपांतर वर्षभर आधीच उरकावं? की बँकेचं कर्ज काढून बाबांचे पैसे आत्ताच परत करावेत?

दुसरं, मर्चंट बँकर (आयपीओचं काम बघणारी संस्था) निवडताना काय तपासता? त्याने आधी आणलेल्या इश्यूंमध्ये लिस्टिंगनंतर व्यवहार कितपत होतात, हे मी बघतोय. मार्केट मेकर (शेअर्सच्या खरेदी-विक्रीचे भाव सतत देणारा दलाल) ३ वर्षं बांधील असला तरी त्याचा उपयोग प्रत्यक्षात किती होतो?

पणजी, मडगाव, फोंड्याकडचे सीए किंवा यातून गेलेले उद्योजक असतील तर कृपया सविस्तर लिहा. बाबांच्या आयुष्यभराच्या बचतीचा प्रश्न आहे.