इंटरव्ह्यूसाठी ब्लेझर घेऊ का? बजेट ३५००, पुण्यात दोन इंटरव्ह्यू आहेत

बार्शीचा_पोरगा

नमस्कार मंडळी, मी बार्शीचा, सोलापूरला इंजिनिअरिंग झालं, दोन महिन्यांपासून पुण्यात कर्वेनगरला मित्रांसोबत रूम करून राहतोय. पुढच्या आठवड्यात दोन इंटरव्ह्यू आहेत, मंगळवारी बाणेरला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत (४०-५० लोक असतील) आणि गुरुवारी एका खाजगी बँकेत, पोस्ट सेल्स ऑफिसरची आहे. आणि मधे बुधवारी संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या एका सिनियर दादाने घरी जेवायला बोलवलंय, तो त्याच्या कंपनीत माझं नाव पुढे करणार आहे म्हणून तिथे पण नीट जायचंय.

माझ्याकडे एक काळी पॅन्ट आहे कॉलेजच्या प्लेसमेंटच्या वेळची, ती आता थोडी चमकते, दोन शर्ट आहेत पैकी एक घरच्या लग्नातला मरून रंगाचा, आणि स्पोर्ट शूज. रूममेट म्हणतो सेलमध्ये ३५०० ला ब्लेझर मिळतोय तो घे, सगळ्यावर चालेल. बाबा म्हणतात साधं जा, पोराच्या अंगात गुण असले की झालं. मला दोघांचंही पटतं म्हणूनच गोंधळ झालाय. एवढेच पैसे आहेत, परत मागायचे नाहीत घरी. पाऊस पण चालू आहे आणि मी पीएमपीच्या बसने जाणार. काय करू सांगा, प्लीज मनापासून सांगा.

एचआरवाली_ताई

ब्लेझर नको घेऊस. मी पुण्यात आयटी कंपन्यांमध्ये नऊ वर्षं भरतीचं काम करतेय, हे अगदी समोर बसून बघितलेलं सांगते. ३५०० च्या रेडीमेड ब्लेझरचे खांदे बहुतेक वेळा बसत नाहीत आणि जुलैच्या दमट हवेत बसमधून उतरून तो घालून आलेला मुलगा पहिली दहा मिनिटं नुसता घाम पुसत असतो आणि बाह्या ओढत असतो, प्रश्नाकडे लक्ष नसतं त्याचं, आणि मला समोर बसून वाईट वाटतं कारण त्याला उत्तर येत असतं.

बाणेरच्या कंपनीत रोज लोक जीन्स आणि टी-शर्ट घालत असतील. तू तसा जाऊ नकोस पण सूट घालूनही जाऊ नकोस, ते रोज जे घालतात त्याच्या एक पायरी वर, बस. प्लेन फिक्या रंगाचा फुल शर्ट, इन केलेला, नीट बसणारी पॅन्ट, पट्टा, बूट. आयटीत आता टायची अपेक्षा जवळपास संपलीये, इन्फोसिससारख्या मोठ्या कंपनीनेसुद्धा २०१५ च्या जूनपासून रोजच्या फॉर्मलची सक्ती काढली, त्याआधी तिथे सोमवार ते गुरुवार फॉर्मल असायचं. म्हणजे तुझ्या समोर बसणारा चाळिशीचा माणूस स्वतः ते दिवस पाहून आलेला असणार, त्याला टाय नसलेली खटकणार नाही पण चुरगळलेला शर्ट खटकेल.

आता खरं सांगते. आमच्या फॉर्मवर कपड्यांना मार्क नसतात. पण पॅनलवर तीन माणसं असतात आणि त्यातला एक तरी बोलतोच. मागे एका ठिकाणी काम करताना एक मुलगा भर पावसात सँडल घालून आला होता, बूट भिजले असणार त्याचे, आणि पॅनलमधल्या एकाने शेऱ्यात लिहिलं की उमेदवार गंभीर नाही. मी भांडले त्यावर, कारण त्या मुलाने कोडिंगचा प्रश्न सगळ्यात नीट सोडवला होता, आणि शेवटी त्याला दुसऱ्या राउंडला बोलवलं. पण प्रत्येक खोलीत भांडणारं कुणी असेलच असं नाही ना रे. म्हणून तुझ्या बाबांचं म्हणणं बरोबर असलं तरी बूट घाल.

पावसासाठी: बूट आणि मोजे पिशवीत, पायात रबरी सँडल, पॅन्टचे पाय दुमडून बसमध्ये बस, आणि २५ मिनिटं आधी पोहोचून जवळच्या एखाद्या हॉटेलात चहा घेऊन तिथे बदल. मोज्यांचा जादा जोड ठेवच. आणि जमलं तर सोमवारी संध्याकाळी सहाला त्या कंपनीच्या गेटसमोर दहा मिनिटं उभा राहा, बाहेर पडणारी माणसं बघ, तुला सगळं कळेल.

नाशिकचा_टेलर

पोरा मी नाशिकला ३१ वर्षं टेलरिंग करतोय, ताईंनी बरोबर सांगितलं. ३५०० मध्ये काय काय होतं ते ऐक.

आधी ती काळी पॅन्ट. चमकते कारण तिच्यावर सरळ गरम इस्त्री फिरवली आहे, पॉलिस्टर-व्हिस्कोसचं कापड असंच चमकतं आणि एकदा चमकलं की पुरतं जात नाही. ती आता रोजच्याला ठेव. नवीन पॅन्टला ओलं फडकं घालून इस्त्री करायची किंवा उलटी करून, म्हणजे वर्षानुवर्षं नवीच दिसते.

नवीन एक पॅन्ट शिव, गडद करडी किंवा नेव्ही, काळी नको. काळ्यावर धूळ, धागा, चमक सगळं दिसतं. ५८ पन्ह्याचं (म्हणजे ५८ इंच रुंदीचं) कापड तुझ्या उंचीला सव्वा मीटर लागेल, जास्त उंच असशील तर अजून थोडं. शर्टाला ५८ पन्हा असेल तर एक मीटर साठ आणि ३६ पन्हा असेल तर सव्वादोन मीटर, दुकानदार जास्त फाडत असेल तर विचार त्याला कशाला म्हणून. लक्ष्मी रोडला कापडाची दुकानं भरपूर आहेत, मीटरवर घेतलं तर रेडीमेडपेक्षा कापड चांगलं मिळतं. पण तुझ्याकडे दिवस कमी आहेत, टेलरने मंगळवारच्या आत नाही म्हटलं तर रेडीमेड पॅन्ट घे आणि बॉटम व कंबर अल्टर करून घे, ते काम तासाभराचं असतं.

माप कसं बघायचं ते लक्षात ठेव. शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे, दंडावर उतरली की शर्ट मागून आणलेला दिसतो. कॉलरचं वरचं बटण लावून आत दोन बोटं गेली पाहिजेत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. पॅन्ट बुटावर एकदा हलकी टेकली पाहिजे, तिच्या घड्या पडायला लागल्या की लांब आहे. कंबर, बॉटम, बाही हे सगळं अल्टर होतं, खांदा होत नाही, म्हणजे होतो पण त्याला नवीन शिवण्याएवढी मेहनत आहे आणि ब्लेझरच्या खांद्याला तर हात लावायला मी पण नाही म्हणतो. म्हणून स्वस्त ब्लेझरला माझा विरोध आहे.

आणि कुणाचा उसना ब्लेझर घातलासच कधी तर मागच्या कटवर धाग्याची फुली असते ती कापायची, बाहीवर कंपनीची पट्टी शिवलेली असते ती उसवायची, खालचं बटण उघडं ठेवायचं. लग्नात नवरदेवांच्या पाठीवर ती फुली तशीच बघितली की माझा जीव तळमळतो, कुणीतरी त्या पोराला सांगायला पाहिजे होतं. मरून शर्ट बँकेला नको, घरी जेवायला चालेल.

शाखेतला_माणूस

बँकेचं मी सांगतो, खाजगी बँकेत सेल्सलाच आहे, ६ वर्षं. इथे आयटीपेक्षा कडक. पांढरा किंवा एकदम फिका निळा शर्ट, फुल बाही, आणि बाही वर दुमडायची नाही. काळे लेदरचे बूट, पट्टा बुटाच्या रंगाचा. दाढी ठेवायची तर कोरलेली ठेव नाहीतर साफ. टाय आमच्याकडे काही शाखांत लावतात काहींत नाही, म्हणून आदल्या दिवशी त्या बँकेच्या कुठल्याही शाखेत दोन मिनिटं आत जाऊन काउंटरवरच्या पोरांकडे बघून ये, ती टाय लावत असतील तर तू पण लाव, प्लेन गडद रंगाची, ३०० च्या आत मिळते.

याचं कारण पण सांगतो म्हणजे उगाच वाटणार नाही. आपण लोकांकडे एफडी आणि विमा मागायला जातो. समोरचे काका निवृत्त शिक्षक वगैरे असतात, त्यांच्या आयुष्यभराची पुंजी असते ती, आणि दारात उभ्या पोराकडे बघून ते ठरवतात की आत घ्यायचं का. मॅनेजर इंटरव्ह्यूत मनात तेच बघतो, ह्याला मी गिऱ्हाइकाच्या घरी पाठवू शकतो का.

लातूरची_मास्तरीण

मधेच विचारते, धागा त्याचा आहे माफ करा. माझा एका खाजगी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी इंटरव्ह्यू आहे आणि सोबत वर्गात डेमो लेक्चर. साडी की सलवार कुर्ता? मला साडीची सवय नाही, वर्षातून दोनदा नेसते. आई म्हणते साडीच.

एचआरवाली_ताई

@लातूरची_मास्तरीण विचार गं, हाच तर धागा आहे. शालेय शिक्षण विभागाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल शासन निर्णय काढला होता, त्यात महिलांसाठी साडी किंवा सलवार/चुडीदार, कुर्ता, ओढणी असं दोन्ही दिलंय, जीन्स टी-शर्ट नको म्हटलंय. म्हणजे नियमाने तू कुर्त्यात बरोबरच आहेस. पण आधी त्या शाळेबाहेर सुटायच्या वेळी जाऊन बघ बाकीच्या बाई काय घालतात. सगळ्या साडीत असतील तर साडी नेस, पण आधीच्या आठवड्यात घरी तीन वेळा नेसून, फळ्यावर वर हात करून लिहून, खाली वाकून खडू उचलून बघ. निऱ्या सुटतायत का, पदर घसरतोय का ते घरीच कळू दे. कॉटन घे, सिल्क आणि काठपदर नको, पिन आतल्या बाजूने लाव. हे जमत नसेल तर निःसंकोच कुर्ता घाल. डेमोला मुलांकडे लक्ष पाहिजे, पदराकडे नाही.

कोकणातून_म्युनिक

मी म्युनिकला आहे आठ वर्षं, मूळचा चिपळूणचा. बुधवारच्या जेवणाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो, मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

इथे माझ्या ऑफिसात सगळे जीन्स-स्नीकर्समध्ये. मी पहिल्या दिवशी पुण्याहून शिवून आणलेला सूट घालून गेलो आणि दिवसभर लोक मला क्लायंटकडून आलेला समजत होते, चार जणांनी तर कुणाला भेटायचंय असं विचारलं. कुणी वाईट वागलं नाही पण मला आपण बाहेरचे आहोत असं फार वाटलं तेव्हा. दुसऱ्या दिवसापासून शर्ट आणि साधी पॅन्ट. आणि पहिल्यांदा एका कलीगने घरी जेवायला बोलवलं तर दारात बूट काढायचे होते, इथेही बऱ्याच घरात काढतात आपल्यासारखेच, आणि माझ्या उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. पूर्ण संध्याकाळ मी पाय टेबलाखाली लपवून बसलो, त्याची आई माझ्याशी किती प्रेमाने बोलत होती आणि मला काही आठवत नाही त्यातलं.

म्हणून बुधवारी: दादाच्या घरी बूट बाहेर काढावे लागणार हे धरूनच जा. मोजे नवे, नाहीतर सरळ चांगल्या चपला घाल आणि पाय धुऊन जा, पावसात बुटात भिजलेल्या मोज्यांचा वास कुणालाच नको. जीन्स चालेल, मरून शर्ट चालेल, इन करू नको. घरी ऑफिससारखं इन करून गेलास तर त्यांनाही वाटेल हा कामासाठीच आलाय. वहिनी असतील, मुलं असतील, जमिनीवर पंगत असेल तर मांडी घालता येईल अशी पॅन्ट हवी, घट्ट नको. आणि हातात काहीतरी ने, मुलांसाठी फळं वगैरे.

नाशिकचा_टेलर

मांडीचं एकदम बरोबर. पॅन्ट घालून बघताना दुकानात नुसते उभे राहतात सगळे. खाली बसून बघायचं रे, खुर्चीत पण आणि मांडी घालून पण.

बार्शीचा_पोरगा

सगळ्यांचे खूप खूप आभार, खरंच रडू आलं वाचून, एवढं कुणी सांगत नाही. आज दुपारी केलेलं सांगतो. ब्लेझर नाही घेतला. गडद करडी रेडीमेड पॅन्ट ९५० ला, बॉटम अल्टर करून घेतला १०० मध्ये, ट्रायल रूममध्ये मांडी घालून बघितली, दुकानदार बघतच राहिला. फिका निळा शर्ट ७००, काळे बूट ११००, पट्टा २५०, दोन जोड मोजे १००. ३२०० झाले. टाय अजून घेतली नाही, बुधवारी सकाळी शाखेत जाऊन बघून येतो मग ठरवतो, उरलेल्या तीनशेत बसेल.

बाबांना फोन केला होता, त्यांना सांगितलं ब्लेझर नाही घेतला म्हणून, तर म्हणाले बूट घेतलेस ना मग बरं केलंस. मला वाटलं होतं ते बुटाला पण नको म्हणतील.

एक राहिलं, रूमवर इस्त्री नाहीये आणि खालचा इस्त्रीवाला सकाळी नऊला उघडतो, माझा इंटरव्ह्यू साडेनऊला. सोमवारी रात्री इस्त्री करून हँगरला लावला तर सकाळपर्यंत राहील ना नीट, या हवेत?

नाशिकचा_टेलर

राहील. हँगरला लाव, वरचं बटण लावून ठेव म्हणजे कॉलर बसकी होत नाही, आणि खिडकीपासून लांब टांग. बसमध्ये बॅग पाठीला लावू नको, पुढे धर, पाठ चुरगळते.