मदत हवी आहे: 'क्वांटम लीप'मधला दुष्काळाचा भाग लोकांसमोर कसा ठेवावा?

मेस्कीट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

'क्वांटम लीप' या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेवर इथे जीव ओतून लिहिलेले जुने धागे वाचलेत, म्हणून ही मदत इथेच मागते. कार्यक्रम मध्य टेक्सासमध्ये आहे. पण येणाऱ्यांत बरीच मंडळी आपली असतील, त्यात मुलांकडे राहायला आलेले आईवडीलही आहेत.

आम्ही काही जण ही मालिका ठरवून पुन्हा बघतोय. भाग संपला की चहा घेऊन त्यावर बोलत बसायचं, एवढंच स्वरूप. आता पाळी 'सिंगल ड्रॉप ऑफ रेन'ची आहे. गोष्ट टेक्सासच्या दुष्काळाची, म्हणून आसपासच्या जुन्या रँचवाल्या (गुरं पाळायच्या मोठ्या शेतांच्या मालक) कुटुंबांनाही बोलावलंय. त्यातल्या काही आजी-आजोबांचं लहानपण त्या दुष्काळातच गेलं. त्यामुळे या वेळी मला नेहमीपेक्षा जास्त तयारी करायची आहे.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डॉ. सॅम बेकेट काळात उड्या मारतो, पण स्वतःच्या आयुष्याच्या मर्यादेतच. दरवेळी तो कुणातरी दुसऱ्याच्या जागी जाऊन पडतो. लोकांना तो तोच माणूस वाटतो आणि आरशातही त्याला त्याच माणसाचा चेहरा दिसतो. सोबत अ‍ॅल असतो, भविष्यातून आलेली प्रतिमा, जवळजवळ कुणालाच न दिसणारी. जे बिघडलंय ते सावरलं की पुढची उडी. या भागात तारीख आहे ७ सप्टेंबर १९५३, गाव क्लोव्हर बेंड. सॅम झालाय बिली बोमाँ, पाऊस पाडून देतो म्हणून गावोगाव फिरणारा माणूस, आणि नेमका स्वतःच्याच गावी परतलेला. भावाचा संसार मोडायला आलाय, शेतं करपलीत, आणि सगळं गाव त्याच्याकडे डोळे लावून बसलंय. हा भाग एनबीसीवर २० नोव्हेंबर १९९१ ला पहिल्यांदा लागला.

सॅमकडे सहा डॉक्टरेट आहेत. बिलीच्या सरंजामातून पाऊस पडणार नाही हे त्याच्याइतकं स्वच्छ कुणालाच माहीत नाही. तरी शेवटी तोच आभाळाकडे तोंड करून पाऊस मागतो. मागतो म्हणण्यापेक्षा भांडून मागतो. इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी राबलेल्या माणसाचं ते भांडण आहे. आणि पाऊस येतो.

हा भाग मला फार जवळचा आहे, कारण पावसाची वाट बघणाऱ्या माणसांना तो कुठेही मूर्ख ठरवत नाही. पाऊस पाडणाऱ्यांमागे फक्त अडाणी शेतकरी लागत असं आपल्याला वाटतं, पण टेक्सासचा इतिहास निराळा आहे. १८९१ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मंजूर केलेल्या पैशांतून रॉबर्ट डायरनफोर्थने मिडलँडजवळच्या एका रँचवर आभाळात स्फोट घडवून पाऊस पाडायचे प्रयोग केले. नाश्त्याच्या तयार सिरियलच्या व्यवसायात अफाट पैसा कमावलेल्या सी. डब्ल्यू. पोस्टने इथे स्वतःच्या नावाचं गाव वसवलं आणि १९११ ते १९१४ च्या दरम्यान पावसासाठी तिथे डायनामाइट उडवला. कॅलिफोर्नियाचा चार्ल्स हॅटफिल्ड तर शिलाई मशिनं विकणारा माणूस. 'पाऊस नाही तर पैसे नाहीत' हा त्याचा व्यवहार. सॅन डिएगो शहराने धरण भरून द्यायला त्याच्याशी १० हजार डॉलर ठरवले, आणि जानेवारी १९१६ मध्ये असा पाऊस झाला की लोअर ओटे धरण फुटलं. नुकसानीची जबाबदारी घेतल्याशिवाय पैसे देणार नाही असं शहराने सांगितलं, आणि तो वाद न्यायालयात वर्षानुवर्षं चालला. पीक हातचं जात असताना, पाऊस पडला तरच पैसे द्यायचे या अटीवर एखाद्याला बोलावणं हा मला शहाण्या माणसाने विचार करून घेतलेला निर्णय वाटतो.

आता माझी अडचण. टेक्सासचा तो दुष्काळ १९५० च्या आसपास सुरू झाला आणि १९५७ च्या वसंतात संपला. १९५६ च्या अखेरीस राज्याच्या २५४ काउंट्यांपैकी (आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांपैकी) २४४ आपत्तिग्रस्त जाहीर झाल्या होत्या. गुरांना घालायला चारा नाही म्हणून लोक फड्या निवडुंगाचे काटे बर्नरच्या ज्योतीने जाळून तो त्यांच्यापुढे टाकत. जानेवारी १९५७ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर स्वतः सॅन अँजेलोला पाहणीसाठी आले. म्हणजे सप्टेंबर १९५३ मध्ये क्लोव्हर बेंडला पाऊस झाला, गाव नाचलं, सॅम पुढे गेला, आणि त्या गावापुढे अजून साडेतीन वर्षांचा दुष्काळ उभा होता. मालिकेत याचा उल्लेख येत नाही. पण समोर बसलेल्या आजोबांना तो ठाऊकच असणार.

हे सत्य मी भाग दाखवण्याआधी सांगू, नंतर सांगू, की विषयच काढू नको? दुसरं, आमच्यात एक बाई नेमाने चर्चला जाणाऱ्या आहेत. त्यांच्या दृष्टीने सॅमची प्रार्थना ऐकली गेली, विषय संपला. एक इंजिनीयर मित्र म्हणतो, शेवट लेखकाने सोयीने जुळवला. दोघंही मला प्रिय आहेत. त्यांचं बोलणं एकमेकांवर आदळून संध्याकाळ तिथेच अडकायला नको. आणि जोडीला दुसरा एखादा भाग दाखवायचा तर कोणता? मोकळेपणाने सांगा.


उनाडवारा

मेस्कीट, धागा वाचून फार बरं वाटलं. या भागाबद्दल इतकं सविस्तर कुणी लिहीत नाही.

माझं मत विचाराल तर नंतर सांगा. आधी सांगितलंत तर लोक पाऊस बघतील तो 'हा खोटा' अशा नजरेने, आणि सॅमचं ते भांडण वाया जाईल.

एक तारीख मात्र आधी जरूर सांगा. सॅमचा जन्म ८ ऑगस्ट १९५३ चा, इंडियानातल्या एल्क रिजचा. म्हणजे क्लोव्हर बेंडच्या वेळी खरा सॅम जेमतेम महिन्याचं बाळ आहे. त्याच्या उड्यांची जी हद्द, तिच्या अगदी काठावरची ही गोष्ट. आणि शेवटचा भाग 'मिरर इमेज' घडतो तो नेमका ८ ऑगस्ट १९५३ ला, पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळसाखाणीच्या गावातल्या बारमध्ये. आपल्याला इकडून तिकडे कोण फेकतंय हा प्रश्न सॅम तिथे समोरासमोर विचारतो. सुरुवातीच्या निवेदनात त्या शक्तीला नुसतं 'अज्ञात' म्हटलंय. कधी देव, कधी काळ, कधी नियती, असंच पाचही सीझन चालतं. तुमच्या दोन्ही मित्रांसाठी तिथे जागा आहे, त्यामुळे हे दोन भाग जोडीने लावले तर बोलणं आपोआप खोल जाईल.


माणदेशी

ताई, मी मालिका पाहिलेली नाही, पण दुष्काळाबद्दल लिहिलंत म्हणून बोलतो. आमचा माण तालुका. जनावरं चारा छावणीत नेऊन बांधायची आणि माणसांनीही तिथेच मुक्काम करायचा, हे आम्ही २०१२-१३ ला आणि पुन्हा २०१९ ला केलेलं आहे.

पहिला पाऊस पडला म्हणून छावणी दुसऱ्या दिवशी उठत नाही. चारा उगवायला वेळ लागतो, विहिरीला पाणी यायला त्याहून जास्त. पण त्या पहिल्या पावसाने माणूस बदलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गुरं विकायला काढलेला माणूस म्हणतो, थांबू अजून थोडं. आमच्याकडे धोंडी काढतात, महादेवाच्या पिंडीवर पाणी घालून गाभारा भरतात. त्यातल्या कुणालाही असं वाटत नसतं की आता विहीर खोदायला नको. दोन्ही कामं एकाच घरातली माणसं करतात.

तुम्ही सांगू की नको या विचारात पडलाय. माझं म्हणणं, सांगूच नका. भाग संपला की त्या आजी-आजोबांनाच विचारा, तुमच्याकडे पाऊस कधी आला? ज्यांनी भोगलंय त्यांच्या तोंडून आलेलं १९५७ निराळं असेल.


कापूसकोंडा

हवामानाच्या बाजूने थोडं, इंजिनीयर मित्रासाठी.

सप्टेंबर १९५३ मध्ये पाऊस दाखवणं अजिबात अशक्य नाही. मध्य टेक्सासमध्ये पावसाचे दोन चढ असतात, एक मे-जूनमध्ये आणि दुसरा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. मेक्सिकोच्या आखातावरून ओल येते, तिला निमित्त मिळालं की धो धो कोसळतं. याचं सज्जड उदाहरण १९५२ चं आहे. ऐन दुष्काळात, त्या सप्टेंबरमध्ये, टेक्सासच्या कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात असा पाऊस झाला की ऑस्टिनजवळच्या लेक ट्रॅव्हिसची पातळी एकाच पुरात ५० फुटांहून जास्त चढली. आणि दुष्काळ त्यानंतरही साडेचार वर्षं चालला! दुष्काळ म्हणजे वर्षानुवर्षं साठत गेलेली तूट. एका पावसाने ती भरत नाही, आणि अधूनमधून पाऊस आला म्हणून दुष्काळ खोटाही ठरत नाही. तुमच्या अडचणीचं उत्तर मला इथेच दिसतं. क्लोव्हर बेंडचा पाऊस आणि १९५७ पर्यंतचा दुष्काळ, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

काळही लक्षात घ्या. नोव्हेंबर १९४६ मध्ये व्हिन्सेंट शेफरने विमानातून ढगात कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) टाकून हिमकण पाडून दाखवले होते. त्याच सुमारास बर्नार्ड व्हॉनेगटने याच कामासाठी सिल्व्हर आयोडाइडचा उपयोग शोधला. दोघेही जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या प्रयोगशाळेतले. म्हणजे १९५३ च्या शेतकऱ्याने वर्तमानपत्रात खरोखरच वाचलेलं असू शकतं की माणूस ढगातून पाणी काढू शकतो. मग दारात आलेला बिली भोंदू की नव्या युगाचा माणूस, हे त्याने कसं ओळखावं? तुम्ही शेतकऱ्याची बाजू घेतलीत त्याला हा माझा दुजोरा.

विज्ञानाची मर्यादा मात्र तीच आहे. बीजारोपणाला, म्हणजे ढगात असे कण टाकून पाऊस पाडायला, आधी ढग लागतो, निरभ्र आभाळातून काही निघत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरला प्रयोग केले तेही पावसाळी ढगांवरच.


मेस्कीट

तिघांचेही मनापासून आभार. कापूसकोंडा, लेक ट्रॅव्हिसची गोष्ट इथल्या लोकांना स्वतःच्या घरची वाटेल, आमच्यातले कितीतरी जण त्याच तळ्यावर सुट्टीला जातात. ती मी नक्की सांगणार.

माणदेशी दादा, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. 'थांबू अजून थोडं' हेच मला या भागात दिसत होतं. सॅमला तिथे दुष्काळ संपवायचा नव्हताच. एक घर मोडू द्यायचं नव्हतं आणि एका गावाला टिकवायचं होतं. तुमच्या सांगण्याप्रमाणे मी १९५७ चं आधी काहीही बोलणार नाही. भाग संपला की पहिला प्रश्न आजी-आजोबांना. चर्चच्या बाई आणि इंजिनीयर मित्र दोघंही त्यांचं ऐकून मग बोलतील.

उनाडवारा, 'मिरर इमेज'बद्दल मात्र मी सहमत नाही. तो भाग पाच वर्षांच्या ओळखीवर उभा आहे. ज्यांनी मालिका पाहिलीच नाही त्यांच्यासमोर तो एकदम ठेवणं म्हणजे त्या भागावर आणि प्रेक्षकांवर, दोघांवरही अन्याय होईल. मला 'द लीप होम'चा पहिला भाग डोळ्यांसमोर येतोय. सॅम १९६९ मध्ये स्वतःच्याच सोळा वर्षांच्या शरीरात, घरच्या शेतावर, आईवडिलांजवळ. वडील काही वर्षांत वारणार आहेत हे त्याला ठाऊक आहे. तो त्यांना सिगारेट सोडायला सांगतो, खाणं बदलायला सांगतो, आणि त्यांना वाचवू शकत नाही. जो माणूस क्लोव्हर बेंडसाठी आभाळाशी भांडतो, त्याला स्वतःसाठी मागितलेलं मिळालेलं नाही. हे आधी पाहिलं तर शेवटचं मागणं किती जड आहे ते नव्या प्रेक्षकालाही कळेल. शिवाय सॅम शेतकऱ्याच्या घरातला आहे हेही आपोआप पोचेल.


उनाडवारा

हे पटलं. 'द लीप होम' आधी, 'सिंगल ड्रॉप' नंतर. मी माझा हट्ट सोडतो.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. डीव्हीडीवर काही भागांतली मूळ गाणी हक्कांच्या अडचणीमुळे बदललेली आहेत. 'एमआयए' या भागातलं अ‍ॅलच्या नाचाचं गाणं बदललं तेव्हा चाहते किती हळहळले होते! तेव्हा तुमच्याकडची प्रत आधी एकदा पूर्ण बघून घ्या. दुसरं, कार्यक्रम कुणाच्या घरी असेल तर प्रश्न नाही. पण ग्रंथालयाच्या किंवा चर्चच्या सभागृहात, बाहेरच्या लोकांना बोलावून दाखवणार असाल तर अमेरिकेत जाहीर प्रदर्शनाचा परवाना लागतो, तिकीट नसलं तरी. बऱ्याच ग्रंथालयांकडे वार्षिक परवाना असतो, पण त्यात ही मालिका येते का ते विचारून घ्या.


मेस्कीट

परवान्याचं ध्यानातच आलं नव्हतं, उद्याच ग्रंथालयात विचारते. नाही जमलं तर आमच्या मागच्या अंगणात पडदा लावू, बोलावलेली मंडळी तेवढ्यात मावतील.

माणदेशी दादा, एक विनंती. तुम्ही छावणीबद्दल जे लिहिलंत ते इंग्रजीत करून त्या संध्याकाळी रँचवाल्या मंडळींना वाचून दाखवलं तर चालेल का?


माणदेशी

खुशाल वाचा, ताई. आणि ते आजोबा निवडुंगाचे काटे नेमके कसे जाळायचे, जनावरं तो खायची का, पोट बिघडायचं का, हे विचारून इथे लिहा. आमच्याकडे बांधावर निवडुंग भरपूर आहे, पण तो गुरांना कुणी घालत नाही.